थोरल्या आईची चंची

थोरली आई, म्हणजे माझी आजी, माघात वारली. तेव्हाच ठरवलं, यंदा तिच्या दिंडीत आपण चालायचं. दिंडीतल्या जेवणाची भिशी भरली, वळकटी ट्रकात टाकली आणि तिची चंची कमरेला खोचली.

दिवेघाट, सासवड, जेजुरी कधी मागं पडलं ते सांगता येत नाही. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पाडेगावात आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो. तिला साताऱ्याचा भारी अभिमान. ‘ह्यो सोहळा लावून दिला आमच्या आरफळच्या हैबतबाबांनी,’ हे ती पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवायची म्हणे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व गेले तशा बाया टापांखालची माती घ्यायला वाकल्या. मला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसलं नाही.

तरडगाव-फलटणची वाट मात्र पायानिशी आठवते. निंभोऱ्याच्या ओढ्यावर जेवून उठले तर उजवा तळवा टेकवेना. पाऊस नाही, डांबर तापलेलं. फोड चवड्याखाली, रुपयाएवढा. त्यात मागून टाळकरी रेटत होते, ‘माऊली, चला, ओळ तुटतीय.’ इतका राग आला. तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम आणि मनात नको नको ते. वडजलच्या अलीकडे बाभळीखाली बसले आणि रडायलाच लागले.

आमच्याच दिंडीतली एक मावशी मागं वळून आली. सत्तरीची असेल, डोक्यावर तुळस. तिनं तुळस आधी सावलीत ठेवली, मग माझा पाय मांडीवर घेतला. मी संकोचून ओढून घेतला तशी डाफरली, ‘गप बस. आजीच्या चंचीत सुई आसंल बघ. शेवटच्या खणात.’

आळंदीपासून चंची माझ्याजवळ होती. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी एवढंच मी पाहिलं होतं. शेवटच्या खणात खरंच सुई होती, तिला काळा दोरा गुंडाळलेला. मावशीनं फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबानं उतरलं. ‘कातडं काढायचं न्हाई. आपसूक वाळतंय. तुझ्या आजीनंच शिकीवलं मला.’

मी विचारलं, ‘इथं ती खुशीत असायची ना? घर विसरून?’

हे मला फार वर्षं विचारायचं होतं, तिलाच. ज्येष्ठात ती निघायची तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असायची आणि माझी वेणी घालायला घरात दुसऱ्या कुणाला सवड नसायची. सातवीत असताना मी तिला तोंडावर म्हटलं होतं, ‘तुला माझ्यापेक्षा तुझा पांडुरंग जास्त.’ ती काही बोलली नाही. चंची खोचली, उंबऱ्याला हात लावला आणि गेली. आल्यावर प्रसादाचे चुरमुरे आधी माझ्याच ओच्यात घातले, तरी मी दोन दिवस बोलले नव्हते.

मावशी तुळस डोक्यावर घेत म्हणाली, ‘धर्मपुरीला आपला जिल्हा सुटतोय बघ. तितं ती दर साली थांबायची. आमी म्होरं बघून हात जोडायचो, ती मागं वळून जोडायची. इचारलं तर म्हनायची, पोरगी रुसलीया माजी.’

मग ती चालायलाच लागली. मीही टाचेवर भार देत तिच्या मागं.

फलटणला विमानतळावर तळ पडला. चोपदारांनी चोप उंचावला, सगळं चिडीचूप झालं, आरती झाली. पाय ठणकत होता. मी जेवले नाही.

बरड झालं. धर्मपुरी आली तेव्हा उन्हं चढली होती. मी ओळीतून बाजूला झाले, कुणी ओरडलं तरी झाले, आणि मागं वळले. रस्ताभर पताकाच पताका, त्यांच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. चंची हातात घेऊन मी तिकडं हात जोडले.