व्हिक्टोरिया डॉक, दुपारचे ४ वाजून ५ मिनिटं : अपडेट ३

मागच्या वेळी मुंबई अग्निशमन दलाच्या घोड्यांच्या बंबाच्या मॉडेलचे फोटो टाकले होते. १८६५ चा, दल पोलीस कमिशनरांच्या हाताखाली होतं तेव्हाचा. पुढे १८८८ च्या कायद्याने ते महापालिकेकडे आलं. तो बंब आता काचेच्या कपाटात गेला आणि टेबलावर 'फोर्ट स्टिकीन' आलं आहे, १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट होऊन गेलेलं मालवाहू जहाज.

स्केल १:७२. जहाज ४४१ फुटांचं, म्हणजे या स्केलला सहा फुटांच्या वर जातं. माझं टेबल चार फुटांचं. म्हणून फक्त दोन नंबरचं होल्ड (माल ठेवायची कोठी) आणि त्यासमोरचा धक्का करतोय. १४ एप्रिल १९४४ ला आग तिथेच लागली. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला धूर दिसला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. मला स्फोट करायचा नाही. कापूस पेटवून धूर केलेले डायोरामा (छोटे देखावे) पुष्कळ पाहिलेत, त्यात माणसं दिसतच नाहीत. मी एक मिनिट आधी थांबणार.

होज, म्हणजे बंबाचे पाण्याचे पाइप. खऱ्या पाइपच्या ६३ मिमीला ७२ ने भागलं की एका मिलिमीटरला थोडं कमी. सुतळी जाड, शिवणाचा दोरा बारीक. शेवटी वाण्याच्या पुडीचा दोरा बरोबर बसला. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, ओला असतानाच धक्क्यावर वळणं देऊन टाचण्यांनी दाबून ठेवायचा. कोरडा दोरा वळवलात तर स्प्रिंगसारखा उठतो. त्या दिवशी ३२ होज लावले होते, माझे १९ झालेत.

मागची बाजू उघडी ठेवली आहे. खाली कापसाच्या गाठी, वरच्या डेकवर स्फोटकं. जहाजावर एकूण सुमारे १४०० टन स्फोटकं होती. बंबवाल्यांनी आत ९०० टनांच्या आसपास पाणी सोडलं आणि पेटता कापूस त्या पाण्यावर तरंगत वर, स्फोटकांकडे सरकला. हे दाखवायचं म्हणून निरांजनाच्या वाती कापून गाठी केल्या आणि पाणी म्हणून रेझिन ओतलं. वातींनी रेझिन पिऊन टाकलं, सगळ्या गाठी तळाशी! रात्रीचे साडेअकरा वाजलेले, बायको म्हणाली, "अहो, झोपा आता." दुसऱ्या दिवशी थर्मोकोलचे ठोकळे तासले, वर गॉझ गुंडाळली, रंग दिला. तरंगल्या.

जहाजाच्या अंगावर एका जागी रंगाला फोड आले होते, आतली आग तिथेच होती. तो पत्रा कापायला गॅस कटर आणला, पण तो चाललाच नाही. फोडांसाठी फेविक्विकचा थेंब, वर चिमूटभर खायचा सोडा, लगेच खडबडीत दगड होतो. त्यावर करडा रंग, कडांना जळका तपकिरी. मला वाटतं आख्ख्या मॉडेलमधली हीच जागा सर्वांत बरी जमली आहे. कटरवाला मात्र तीनदा बिघडला. माणूस अडीच सेंटिमीटरचा, कटर त्याच्या हाताएवढा, चिमट्यात धरला की उडतो. एक अजून कपाटाखाली कुठेतरी आहे.

अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दुपारी गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच आठवणीचा. मॉडेलवर माणसं ६६ च ठेवायची, असं ठरवलंय. सध्या ४१ रंगवून झाली. उरलेल्यांना ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) धरायला हात वाकवावे लागतील, तेवढं एप्रिलच्या आत उरकायचं आहे.