विंचवाचे बिऱ्हाड, जुलैच्या थंडीत

ऑकलंडला येऊन आम्हाला सात वर्षे झाली, तरी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा हिवाळा आम्ही पाहिलेला नव्हता. यंदा जुलैतली शाळेची दोन आठवड्यांची सुट्टी आणि नाशिकहून आलेल्या सासूबाईंचा मुक्काम असा योग जुळून आला, तेव्हा क्राइस्टचर्चपर्यंत विमानाने जायचे आणि तिथून मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन टेकापो सरोवराच्या वाटेला लागायचे, असे ठरले. बेत ऐकताच आई म्हणाल्या, "म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!" तेव्हापासून आमच्या घरात त्या गाडीचे नाव बिऱ्हाड असेच पडले.

गाडी ताब्यात घेण्याचे ठिकाण विमानतळाजवळच होते. तिथल्या मुलीने जवळजवळ तासभर आम्हाला सगळे समजावून सांगितले आणि तो तास मला फार मोलाचा वाटतो. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, भांडी घासल्यावरचे आणि अंघोळीचे सांडपाणी साठवणारी टाकी वेगळी, आणि शौचालयाखाली चाके लावलेली एक बंद पेटी, जी बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि ठरवून दिलेल्या डम्प स्टेशनवरच रिकामी करायची. गाडी चालू असताना गॅस बंद ठेवायचा, सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचे आणि कपाटांचे खटके बसल्याचा आवाज ऐकूनच निघायचे. उघड्यावर कुठे मुक्काम करायचा असेल तर गाडी पाणी, सांडपाणी आणि शौचालय यांच्या बाबतीत स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि २०२३ च्या कायद्यानुसार त्यासाठी शौचालय गाडीत कायमचे बसवलेले असावे लागते. मी हे सगळे वहीत लिहून घेतले. घरी नळ सोडला की पाणी येते आणि मोरीतून निघून जाते, त्यामुळे त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. इथे मात्र येणारा आणि जाणारा प्रत्येक लिटर आपला असतो.

क्राइस्टचर्च ते टेकापो हे अंतर सुमारे २२५ किलोमीटर आहे. साध्या मोटारीने तीन तासांत पोहोचता येते, आणि नवऱ्याचा कल एका दमात जाण्याकडे होता. परंतु जुलैच्या मध्यावर इथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अनोळखी अवजड गाडी, अंधार, आणि सावलीतल्या वळणांवर धरणारा तो न दिसणारा बर्फाचा पापुद्रा, ज्याला इथे ब्लॅक आइस म्हणतात, हे तिन्ही पहिल्याच दिवशी एकत्र येऊ द्यायचे नाहीत असे मी ठामपणे सांगितले, आणि निम्म्याहून थोड्या पुढच्या जेराल्डिनला पहिला मुक्काम ठरला.

वाणसामानाची खरेदी आटोपून निघायला सव्वादोन वाजले. निघताना एका कपाटाचा खटका नीट बसला नव्हता, हे पहिल्याच चौकात वळताना कळले. आतला मसाल्याचा डबा खाली आला, त्याचे झाकण उडाले आणि हळद व तिखट पार दारापर्यंत पसरले. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा मिळेपर्यंत कुणी पट्टा सोडला नाही. मग आईंनी ओल्या फडक्याने जमीन पुसली आणि उरलेल्या वाट्या एकेक करून पुन्हा डब्यात बसवल्या. जिऱ्याच्या वाटीतली हळद काही निघाली नाही. त्यानंतर निघण्याआधी प्रत्येक खटका हाताने दाबून पाहण्याचे काम आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने आपणहून घेतले आणि ते चोख केले.

कँटरबरीचे मैदान सपाट असल्याने नव्या चालकाला हात बसवायला उत्तम. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे तो गोंधळ नव्हता. फक्त मागे गाड्यांची रांग लागली की जागा पाहून बाजूला व्हायचे आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचे, एवढे पथ्य पाळायचे. वाटेत राकाया नदीवरचा पूल लागतो, जो १९३९ साली खुला झाला आणि पावणेदोन किलोमीटर लांबीमुळे या देशातला सर्वांत लांब रस्ता-पूल ठरला. त्याखालची नदी एका पात्रातून वाहत नाही. करड्या गोट्यांच्या रुंद पटावर तिचे कितीतरी प्रवाह सुटतात, एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा सुटतात. आई खिडकीतून पाहत म्हणाल्या, "वेणी घालून मध्येच सोडून दिल्यासारखी दिसते गं." उजव्या हाताला दूरवर इथल्या दक्षिण आल्प्सची पांढरी रांग सोबत करत होती.

जेराल्डिनला वीजजोडणी असलेली जागा आधीच घेऊन ठेवली होती. गाडी लावली, केबल जोडली, पाण्याची नळी नळाला लावली आणि मेतकूट-भात, तूप आणि भाजलेला पापड असे जेवण पाऊण तासात झाले. डिझेलवर चालणारा हीटर गाडी उबदार ठेवत होता, पण चार माणसांच्या श्वासाने काचा आतून गळू लागल्या, तेव्हा छताची झडप बोटभर उघडी ठेवावी लागते हे ध्यानात आले. सकाळी मात्र नळ कोरडा होता. बाहेरची नळी रात्रीतून गोठून काठीसारखी ताठ झाली होती आणि वाकवली तर आतला बर्फ करकरत होता. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी सांगितले की हिवाळ्यात संध्याकाळीच आतली टाकी भरून घ्यावी, नळी काढून तिच्यातले पाणी ओतून टाकावे आणि ती आत ठेवावी. आमच्या वहीत ही एकच गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी फेअरलीला डिझेल भरले. साध्या डिझेलमध्ये मेण असते, ते कडाक्याच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबवते. म्हणून डोंगराळ भागातल्या पंपांवर हिवाळ्यात अल्पाइन डिझेल मिळते आणि वर चढण्याआधी टाकीत ते असणे चांगले. चाकांना लावायच्या साखळ्याही तिथल्या मोकळ्या जागेत एकदा लावून-काढून पाहिल्या, कारण बर्फ पडत असताना, बधिर बोटांनी, पहिल्यांदाच ते करायची वेळ कुणावर येऊ नये. बर्क्स पास ही खिंड ७०९ मीटर उंचीवर आहे, रस्ता कोरडा होता आणि साखळ्या लागल्या नाहीत. पलीकडे हिरवा रंग संपतो आणि पिवळ्या गवताचा उघडा प्रदेश सुरू होतो, आणि मग अचानक टेकापोचे ते दुधाळ निळे पाणी समोर येते. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहते, त्यामुळे तो रंग येतो. काठावरचे १९३५ चे लहानसे दगडी चर्च पाहून आई बराच वेळ तिथे बसल्या.

टेकापो ज्या राखीव गडद-आकाश क्षेत्रात येते, त्याला २०१२ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठ्या त्या भागात रात्रीचे दिवे जपून वापरले जातात. रात्री नऊ वाजता आम्ही रजया गुंडाळून बाहेर उभे राहिलो, तर नाशिकच्या गच्चीवरून दक्षिणेला कलताना दिसणारा वृश्चिक इथे थेट डोक्यावर होता, ज्येष्ठेच्या तांबड्या ताऱ्यासकट. "बिऱ्हाडाचा मालक वरच आहे," आई मुलाला म्हणाल्या.

त्यांना खरी ओढ होती ती कृत्तिकांची. माओरी लोक त्यांनाच मातारिकी म्हणतात. ऐन हिवाळ्यात त्या पहाटे उगवल्या की नवे वर्ष मानतात, आणि २०२२ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आषाढात कृत्तिका आपल्याकडेही पहाटेच उगवतात, पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते, त्यामुळे आईंनी त्या नेहमी कार्तिकातल्या संध्याकाळीच पाहिल्या होत्या. सहा वाजता त्यांनी मला हलवून उठवले. काचेवरचे दव आतून गोठले होते, म्हणून दार उघडून पायरीवरच उभ्या राहिल्या. ईशान्येला, डोंगराच्या थोडे वर, तो लहानसा पुंजका स्पष्ट दिसत होता. "एक, दोन, तीन..." त्यांनी बोटाने मोजल्या. सहा भरल्या. मुलाला शाळेत मातारिकीचे नऊ तारे शिकवले होते, म्हणून तो चष्मा लावून उरलेले तीन शोधत राहिला, आणि मी दार लोटून घेऊन आल्याचा चहा ठेवला.