जुनी मारुती ८०० सेल्फ घेत नाही? आधी मीटर लावा

कार्बोरेटरवाली मारुती ८०० सकाळी नुसती ‘टक’ करून गप्प बसली की दोन सल्ले हमखास मिळतात: बॅटरी बदला, नाहीतर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) खोला. दोन्ही खर्चिक, आणि बऱ्याचदा दोन्ही अनाठायी. या गाडीचं वायरिंग अगदी साधं आहे. एक डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि किल्ली फिरवायला एक माणूस एवढ्यावर वीज नेमकी कुठे अडते ते अर्ध्या तासात कळतं.

आधी आवाज नीट ऐका. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन जागचं हलत नाही, तर वीज ठीक आहे. बेंडिक्स (सेल्फचं इंजिनला गुंतणारं दातेरी चाक) नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघा. काहीच आवाज नसेल आणि हेडलाइटही मंद होत नसेल, तर सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या दांडा ओढून मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंत, करंट जात नाही. एकच ठसठशीत ‘टक’ येत असेल, तर सोलेनॉइडने दांडा ओढला, पण मोटरला पुरेसा करंट मिळाला नाही. मशीनगनसारखी टकटक चालू असेल तर गोष्ट वेगळी. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक दांडा ओढणारी आणि दुसरी धरून ठेवणारी. दांडा ओढला गेला की मोठे कॉन्टॅक्ट जुळतात आणि मोटर शंभरेक अँपिअर मागते. बॅटरी उतरलेली असेल तर व्होल्टेज कोसळतो, धरणारी कॉइल दांडा सोडते, मोटर बंद पडताच व्होल्टेज सावरतो आणि पुन्हा तेच. म्हणून टकटक ऐकून सेल्फ खोलू नका. तिथे बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नाहीतर एखाद्या सैल जोडाचा असतो.

गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरीचा व्होल्टेज मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे चार्जिंगला लावायची. पण नुसत्या उभ्या व्होल्टेजवर विसंबू नका. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. उभी असताना १२.५ आणि सेल्फ मारताच ७ वर आली, तर बॅटरी बसली आहे किंवा एखादा सेल गेला आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासा. बाकीचे १.२५० दाखवत असताना एखादा १.१८० वर अडकला असेल, तर ती बॅटरी चार्ज करून टिकणार नाही.

आता खरं काम. इग्निशन कॉइलची प्लसची बारीक वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर, काळं टोक सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. दिसणारा आकडा म्हणजे त्या वाटेत वाया गेलेला व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग लाल टोक सेल्फच्या लोखंडी अंगावर, काळं टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर. इथे ०.२ ते ०.३ पुष्कळ झाले. टोक पोस्टवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामधला गंजही मोजायचा आहे.

ही चाचणी मल्टिमीटरच्या बझरने (वायर सलग असली की वाजणाऱ्या सेटिंगने) का होत नाही, ते समजून घ्यायला हवं. गंजलेल्या जोडाचा रोध ०.०१ ओहम असला तरी मल्टिमीटरला तो दिसत नाही, बझर बिनधास्त वाजतो. पण त्यातून १०० अँपिअर गेले की तिथेच १ व्होल्ट जातो. असे तीन जोड असले की १२ व्होल्टची बॅटरी सेल्फच्या दृष्टीने ९ व्होल्टची होते. वायरच्या एका धाग्यानेही बझर वाजतो. सेल्फ त्या धाग्यावर फिरत नाही.

मायनसकडचा आकडा जास्त आला तर अर्थिंग बघा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला गेलेल्या पट्ट्यांचे बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची बोल्टची कडी) पालटून दोन्ही बाजू साफ करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. कोकणात, किनाऱ्यालगत, पावसाळ्यानंतर हे काम आधी करावं. तिथे वायरचं प्लास्टिक बाहेरून नवं दिसतं आणि आत तांबं हिरवं होऊन लगजवळ भुगा झालेलं असतं. वायर वाकवून बघा, कुरकुर जाणवली की बदला. बॅटरीच्या टोकावरचा पांढरा-निळा चुरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जातो. एक ग्लास पाण्याला एक चमचा. झाकणाच्या भोकांतून ते आत जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

दोन्ही आकडे ठीक असूनही ‘टक’च येत असेल, तर सेल्फ खोलायला हरकत नाही: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले किंवा कार्बन ब्रश झिजलेले सापडतील. हलक्या हाताने ठोकल्यावर फिरला तर बहुधा ब्रश. ठोकणं हा इलाज मात्र नव्हे.

आवाजच येत नसेल तर सोलेनॉइडची बारीक वायर तपासा. किल्ली स्टार्टवर धरून तिच्यावर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवा; वायर जोडलेली ठेवूनच मोजा, कारण सुटी वायर लोडशिवाय फसवा आकडा दाखवते. बॅटरीवर ११.५ आणि इथे ८ म्हणजे मधले साडेतीन व्होल्ट किल्लीच्या स्विचमध्ये किंवा कनेक्टरमध्ये गेले. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून जातो आणि वर्षानुवर्षं ठिणग्या पडून त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. ‘थंड असताना चालते, घाट चढून चहाला थांबलं की घेत नाही’ याचं मूळ बरेचदा इथेच असतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ८० अंशांनी तापली तर रोध ३० टक्क्यांनी वाढला. स्विचने आधीच व्होल्टेज खाल्लेला, त्यात ही भर, मग दांडा ओढायला जोर राहत नाही.

यावर चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवावा, असं माझं ठाम मत आहे. ३० नंबरच्या पिनेला बॅटरी प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिमीची वायर, ८७ वरून सोलेनॉइडला, ८६ ला किल्लीची जुनी वायर, ८५ ला अर्थ. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. किल्लीच्या स्विचवर मग रिलेच्या कॉइलपुरताच भार राहतो.

उभ्या-उभ्या बॅटरी उतरत असेल तर गळती शोधा. मायनस क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मध्ये जोडा, दारं आणि दिवे बंद. हे जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका. या गाडीत ३० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. ३०० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की ती लाइन धरा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि सेंट्रल लॉक आधी संशयित. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली, तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोक टेपने झाका आणि पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला तर आतला डायोड गेला आहे.