फेविक्विक लावलेली पेटी

अकरा वर्षं मी हिंजवडीत टेस्टिंग केलं. मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, टूलमध्ये टाकायच्या, आणि डेव्हलपर 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं लिहून ती बंद करून टाकेपर्यंत वाट बघायची. आता मी पेट्या दुरुस्त करते. हार्मोनियम. हे सांगितलं की लोक आधी विचारतात गाणं शिकलीयेस का (शाळेत असताना गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्यात, प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम, बास) आणि मग आवाज खाली घेऊन विचारतात, भागतं का गं? एकटीचं भागलं नसतं. नवऱ्याचा पगार आहे, फ्लॅटचं कर्ज बरंचसं फिटलं होतं, आणि पहिलं वर्षभर मी दुकानात बिनपगारी बसत होते, हे न सांगता 'नोकरी सोडली आणि आवडीचं काम केलं' अशी गोष्ट सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

कशी आले तेही पटकन सांगते. लॉकडाऊनमध्ये बाबांची जुनी पेटी माळ्यावरून काढली, ती वाजेना, लॉकडाऊन उठल्यावर पेठेत पेट्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन गेले. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, त्यात भिंतीला लागून चाळीसेक पेट्या. काकांनी पेटी उघडली आणि मी प्रश्न विचारायला लागले, दोन तासांनी ते म्हणाले की तू एवढं विचारतेस तर तो स्टूल घे आणि बस. मग दर शनिवारी जायला लागले. तेव्हा ऑफिसात प्रोजेक्ट संपून मी आठ महिने बेंचवर होते, रोज लॉगिन करायचं आणि कामच नाही. काका म्हणायचे, "आठ महिन्यांचं काय घेऊन बसलीस, ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बाहेर काढलं ते तीस वर्षं. तीपण बेंचवरच होती की." शेवटी राजीनामा टाकला, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भरला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघ बाई, इंजिनियर होतीस."

तर तो दिवस. २०२२ चा जून. आधीची दोन वर्षं पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, पायी वारी नव्हतीच. त्या वर्षी परत पायी निघाली आणि दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला, माउली भवानी पेठेत आणि तुकोबा नाना पेठेत, म्हणजे आमच्या दुकानाच्या आसपास पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात काकांचा मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला पट्टी, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं. दुकानात मी एकटी. एकटीने केलेलं सगळ्यात मोठं काम तोवर म्हणजे एका शाळेच्या पेटीचे स्प्रिंग बदलणं.

सकाळी अकराला एक आजोबा आणि विशीतला एक मुलगा पेटी चादरीत गुंडाळून घेऊन आले. रथामागची दिंडी, मराठवाड्यातली. वाटेत चालताना वीणा, टाळ, पखवाज एवढंच, पेटी मात्र ट्रकमध्ये असते, मुक्कामाला भजनाला काढतात. दोन वर्षं ती गावात देवळाच्या माळ्यावर पडून होती. आजोबा म्हणाले, "माउली, आळंदीत वाजली, इथं काल रातच्याला बसली. आज संध्याकाळी भजन हाय, पहाटे निघायचं, दिवे घाट हाय." मी म्हटलं, ठेवा, बघते. ते म्हणाले ठेवत नाही, बसतो. आणि बसले, दारातच, मांडी घालून.

जुनी सवय, मी आधी उघडलीच नाही. काय केल्यावर होतं ते बघायचं. सगळे स्टॉप (पुढच्या खुंट्या, हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या) बंद करून भाता मारला, हात सोडला. चांगल्या पेटीचा भाता अशा वेळी हवा धरून बसतो, हा दोन सेकंदांत फुस्स. मग स्टॉप उघडले तर कुठल्याच पट्टीला हात न लावता एक सूर आपोआप वाजायला लागला, आणि तारसप्तकातली 'पांढरी एक', म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, अजिबात बोलत नव्हती. वरून सगळीच पेटी दम लागल्यासारखी. मी वहीत चार ओळी लिहिल्या. त्या पोराने विचारलं, "ताई, दुरुस्त करताय का परीक्षेचा पेपर लिहिताय?"

उघडल्यावर कळलं. भात्याच्या घडीचा कोपरा उंदराने कुरतडलेला आणि त्यावर कुणीतरी फेविक्विक ओतलेलं, थेंबभर नाही, ओतलेलं. फेविक्विकने चामडं दगडासारखं होतं, मग भाता उघडमीट झाला की तिथेच तडकतं, म्हणजे उंदराचं भोक सुपारीएवढं होतं ते दुरुस्तीने बोटभर झालेलं. मी त्या पोराकडे बघितलं, तो रस्त्याकडे बघायला लागला.

आपोआप वाजणाऱ्या सुराचं सोपं होतं. पट्टी सोडली की तिच्या खालचं चामडं भोकावर बसून हवा अडवतं, ते चामडं कसरीने खाल्लेलं. ती पट्टी काढून नवीन चामडं लावलं, अर्ध्या तासाचं काम. भात्याला मात्र वेळ लागणार होता. तडकलेला भाग ब्लेडने खरवडून काढायचा, शेळीचं पातळ चामडं कापून, कडा तासून, सरसाने लावायचं. फेविकॉल लवकर होतो पण काका हात तोडतील, कारण सरस पुढच्या माणसाला कोमट पाण्याने सोडवता येतो. पुढचा माणूस म्हणजे आणखी वीस वर्षांनी ही पेटी उघडणारा कुणीतरी. तर भांड्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत सरस, आणि त्याचा तो वास, मेलेल्या जनावराचा, दुकानभर. आजोबा म्हणाले, "बैलपोळ्याला शिंगं घासल्यावानी वास येतोय." चामडं लावून टेबलफॅन लावला आणि घड्याळ बघितलं तर दीड.

सरस वाळेपर्यंत सुरांचा बोर्ड हातात घेतला. न बोलणारी पांढरी एक. लोकांना वाटतं सूर मेला, पण बहुतेक वेळा सूर मरत नाही, अडकतो. सूर म्हणजे पितळेची जीभ, ती पितळेच्या चौकटीतून वरखाली हलते आणि बाजूला मोकळी जागा असते केसाएवढी, त्यात काहीही गेलं की गप्प. त्यांचा सा पांढरी चार, म्हणजे ही पट्टी त्यांचा पंचम. आख्खं भजन पंचमाशिवाय करावं लागलं असतं. पातळ कागदाची पट्टी जिभेखाली सरकवली, हळूच ओढली, तर काळपट कुसासारखं काहीतरी बाहेर आलं. भिंगाखाली बघितलं, तुळशीची मंजिरी. तिचा एक दाणा, देठासकट.

आजोबांना दाखवली. त्यांनी तळहातावर घेतली, कपाळाला लावली, म्हणाले शेवटच्या वारीतली असणार, तीन वर्षांपूर्वीची, आणि मी काही बोलायच्या आत तोंडात टाकली. मी ओरडलेच, "अहो आजोबा, पितळेचा गंज लागलेला असतो त्याला!" ते चावत होते. पोरगा हसून हसून लोळायचा बाकी. अकरा वर्षांत मी हजारो बग शोधले असतील, कुणी खाल्लेला बघितला नव्हता.

इथवर सगळं मस्त चाललं होतं, मग मी माती खाल्ली. ही पेटी खरज-नर, म्हणजे एका पट्टीला दोन सूर, एक खालच्या सप्तकातला एक वरचा. दोघं जुळलेले नसले की आवाज डोलतो, वाँव वाँव वाँव, जेवढा फरक जास्त तेवढा डोल भरभर. हा डोल ऐकू यायला मला तीन महिने लागले होते आणि आता आला की राहवत नाही. काळी पाच डोलत होती, त्यांचा मध्यम. नर सूर चढलेला. जिभेला टोकाशी घासलं की ती हलकी होते, सूर चढतो, मुळाशी घासलं की ढिली होते, सूर उतरतो. उतरवायचा होता म्हणून मुळाशी कानस लावली. एक ओढ, दुसरी, अजून डोल, तिसरी, चौथी, आणि पाचव्याला टक् असा बारीक आवाज. जीभ मुळाशी चिरली. कुणी सांगितलंच नव्हतं मला काळी पाच बघायला. त्या तक्रारीतच नव्हती.

चार वाजले होते. ऑफिसात अशा वेळी आधी मेल लिहायची सवय, मॅनेजर सीसीमध्ये, 'ॲज डिस्कस्ड' वगैरे. इथे समोर आजोबा बसलेले. मी सांगून टाकलं, की एक सूर चांगला होता तो माझ्या हातून तुटला. ते म्हणाले, "दुसरा हाय का?" एवढंच.

नवीन, गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर होते डब्यात, एक लावून बघितला, पण पेटी जुनी, तिच्यात हा कोरा सूर लग्नात इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यासारखा वेगळाच वाजायला लागला. काकांना फोन केला. त्यांनी आधी पोटभर शिव्या दिल्या, मग म्हणाले, "पार्ले-जीचा पत्र्याचा डबा आहे बघ, फळीवर, त्यात भंगारातल्या पेट्यांचे काढून ठेवलेत. काळी पाच नसेल तर काळी चार घे, टोकाशी घासून चढव. मुळाला हात लावू नकोस आज." काळी पाच नव्हतीच, काळी चार मिळाली. दोन पट्ट्यांची चढ, घासून घासून हात भरून आला, फोन स्पीकरवर, काका पलीकडून नुसतं "अजून... अजून... थांब" करतायत. थांब म्हटल्यावर मला अजून डोल ऐकू येत होता, अगदी सावकाश, तीनेक सेकंदांत एखादा. ते म्हणाले फोनवर कळत नाही, पण राहू दे, वेळ नाहीये, गार झाल्यावर थोडा सरकेल.

साडेसहाला भाता लावला. हवा धरली. आजोबांनी स्वतः पेटी पुढे ओढली, पांढरी चारला बोट ठेवलं आणि डोळे मिटून एकच सूर कितीतरी वेळ धरून ठेवला. मग सा-प, सा-प. पोराने खिशातून टाळ काढला तर आजोबांनी हातानेच त्याला थांबवलं.

पैशाचं विचारलं. मी सहाशे सांगितले, सुराचे धरले नाहीत कारण तोडला मी. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि दहा-वीसच्या नोटा मोजायला लागले, पाचशे ऐंशी झाल्यावर पोराने वीस घातले. मला कसंतरीच झालं, पण परत दिले असते तर ते जास्त वाईट वाटून घेतील असं वाटलं, घेतले. त्या महिन्यात दुकानातून माझ्या वाट्याला सगळे मिळून चौदा हजार आले होते. पूर्वी एवढा तर इन्कम टॅक्स कापला जायचा.

रात्री घरी न जाता त्यांची दिंडी उतरली होती त्या शाळेत गेले. वर्गाबाहेर व्हरांड्यात भजन चाललेलं, कोपऱ्यात चुलीवर पिठलं, वायरवर धोतरं वाळत घातलेली. मला ताटलीभर पिठलं-भाकरी मिळाली, मी खांबाला टेकून बसले. सगळे हरिनामात, आणि मी एकटी मेली काळी पाचकडे कान लावून. डोलत होती. तीन सेकंदांत एक नाही, आता दोनात एक. शेजारी बसलेल्या बाईला मी सांगायला गेले की तो मध्यम थोडा हललाय, तिने माझ्या हातात टाळ दिले.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा पालखी हडपसरच्या दिशेने गेलेली, रस्त्यावर नुसता केळीच्या सालांचा आणि पत्रावळींचा खच. काकांना फोन करून सगळं सांगितलं. मग वही काढली, कालच्या चार ओळींपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली पाचवी लिहिली: काळी पाच, नर सूर, परतवारीला आले तर बघणे.