तुम्ही विचारलंत म्हणून: 'पान लागलं' इंग्रजीत कसं सांगायचं?

"टीचर, 108 वर कन्नड चालतं की, मग पोरांना आजारपण इंग्रजीत कशाला शिकवता?" कर्नाटकातल्या खानापुरात हे मला पालक नेहमी विचारतात.

इथे असाल तर कन्नडच बोला, मीही तेच करीन. पण माझ्या वर्गातली बरीच मुलं दुबईच्या वाटेवर असतात. दुबईत अँब्युलन्सला 998 फिरवायचा. तिथे आपलं मराठी-कन्नड कुणाला कळणार?

खरी पंचाईत मात्र इंग्रजीची नाहीच. आपण दुखणं सांगतो तेच आडून. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. एका पोराने सरावात सरळ 'लीफ टच्ड' केलं! वर्ग हसला, मीही हसले. मग पक्षाघात घेतला. आपल्याकडे तो 'अंगावरून वारं गेलं'. आता हे वारं इंग्रजीत कसं न्यायचं? म्हणून मी सांगते, दुखण्याचं नाव सोडा, डोळ्यांना दिसतंय तेवढं बोला: 'हिज माउथ इज ट्विस्टेड. ही कान्ट लिफ्ट हिज लेफ्ट आर्म.' आणि कधीपासून? 'मघापासून' नको, घड्याळातली वेळ हवी. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपलं 'मघाशी' पाच मिनिटांचंही असतं, सकाळचंही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'ब्रीदिंग' आणि 'ब्लीडिंग'वर. घाबरलेल्या कानाला दोन्ही एकच. त्यात मोठ्या माणसाला 'येस' म्हणायची आपली सवय. "इज ही ब्रीदिंग?" "येस सर." अरे, छाती वरखाली होतेय का ते बघ तरी आधी!

पत्ता मात्र पहिल्या वाक्यात. फोन तुटला तरी गाडी कुठे पाठवायची ते कळलेलं असतं. सीमेवर मोबाईल कधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून गावापाठोपाठ तालुका, जिल्हा, राज्यही. परवा एकीने विचारलं, "टीचर, आमचं घर मळ्यात हाय, तिथं ना नंबर ना रस्त्याला नाव. काय सांगू?" त्या संध्याकाळी इंग्रजी राहिलं बाजूला. प्रत्येकाने डांबरी रस्ता सोडल्यापासून घरापर्यंतच्या खुणा वहीत लिहून काढल्या: शाळा, देऊळ, पाण्याची टाकी. तिच्या वहीत एकच निघाली, विजेची डीपी.