दोनशे फुटांचे सिनेमे : आमची वाटचाल

आमची फर्म म्हणजे मी, माझा मावसभाऊ, दोन वाइंडर (रीळ गुंडाळायची यंत्रं) आणि एक खोली, जिच्यात शिरताना आधी वास घ्यायचा असा नियम आहे (का ते पुढे येईलच). "नक्की काय करता तुम्ही?" असं पाहुण्यांनी विचारलं की घरचे अजूनही आमच्याच तोंडाकडे बघतात. तर आम्ही जुनी ८ एमएमची, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्मची, घरगुती सिनेमाची रिळं घेतो, साफ करतो, तुटलेली जोडतो आणि ज्याला हवीत त्याला देतो, सोबत प्रोजेक्टर दुरुस्ती. आमचा खास माल म्हणजे डायजेस्ट, म्हणजे गाजलेल्या सिनेमाची घरी बघायसाठी कापून छोटी केलेली आवृत्ती.

सुरुवात धंदा म्हणून झालीच नाही. भावाने कुठूनतरी एक बंद प्रोजेक्टर आणि सोबत खोकंभर रिळं उचलून आणली. प्रोजेक्टर उघडला तर आतल्या रबरी बेल्टचं अक्षरशः डांबर झालेलं, पुलीवर, मोटरवर, बोटांवर, भावाच्या शर्टावर सगळीकडे तेच. दोन दिवस कापूस आणि स्पिरिट घेऊन बसलो, मापाचा बेल्ट मिळेना म्हणून टेपरेकॉर्डरचा लावला आणि भिंतीवर पांढरी चादर. पहिलं रीळ निघालं एका जुन्या भयपटाचं, मूळ सिनेमा तासावर, हे रीळ दहा मिनिटांच्या आसपास. आवाज नाही, संवाद चित्रावरच खाली छापलेले. नायक-नायिकेचं प्रेमबिम सगळं उडवलेलं, प्रयोगशाळा, वीज, हात हलला, पळाला, लोक मागे, आग, संपलं. भाऊ म्हणाला, "परत लाव." त्या रात्री सात वेळा लावलं.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी थेटरातून उतरलेला सिनेमा घरी मनात आलं की बघायची सोयच नव्हती. घरच्या प्रोजेक्टरसाठी अरुंद फिल्म लागायची. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्ये ९.५ एमएम आणलं, त्यात मधोमध भोकं, आणि फिल्म वाचवायला कडेला एक खाच असायची, ती खाच आली की प्रोजेक्टर पाटीची (म्हणजे नाव किंवा मजकूर लिहिलेली) फ्रेम काही सेकंद धरून ठेवायचा, काय डोकं लावलंय! मग कोडॅकचं ८ एमएम १९३२ मध्ये, सुपर ८ १९६५ मध्ये. अमेरिकेच्या कॅसल फिल्म्सने १९३७ मध्ये घरगुती रिळं सुरू केली, दहा वर्षांनी युनिव्हर्सलने ती कंपनी घेतली आणि त्यांच्या भयपटांची पण छोटी रिळं निघायला लागली. केन फिल्म्सने १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'सुद्धा २०० फुटांत बसवला.

या २०० फुटांचा हिशोब एकदा डोक्यात बसला की डायजेस्ट कळतं. सुपर ८ च्या एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे २०० फुटांत १४,४००. मुकं रीळ सेकंदाला १८ फ्रेमने चालवलं तर १३ मिनिटं २० सेकंद, आवाजाचं २४ ने, म्हणजे बरोबर १० मिनिटं. यात सुरुवातीची पाटी पण आली. दोन तासांच्या सिनेमातून एवढंच काढायचं आणि तरी बघणाऱ्याला गोष्ट कळली पाहिजे. काहींनी सगळी गोष्ट धावतपळत सांगितली, काहींनी सरळ एकच प्रसंग उचलला आणि बाकी सोडून दिलं. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, भावाला पहिला, आणि यावर आमची भांडणं झालीत.

धंदा सुरू केल्यावर पहिला फटका रंगाचा. आम्ही सुरुवातीचे दोन फूट बघून "रंग उत्तम" असं लिहून रीळ पाठवलं. गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो समुद्र गुलाबी आहे, माणसं गुलाबी आहेत, घोडा पण गुलाबी आहे." बरोबरच होतं त्यांचं. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि मागे राहतो तो लालगुलाबी. रीळ परत घेतलं, पैसे परत दिले, आणि तेव्हापासून मधे कुठेतरी आकाश, गवत किंवा पांढरा सदरा शोधून तीच फ्रेम बघतो. पाटीवर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरा फटका मोठा. एका लॉटमध्ये तीनचार डब्यांना व्हिनेगरसारखा वास येत होता, म्हटलं असेल काहीतरी, आणि सगळ्यांबरोबर घट्ट झाकणाच्या कपाटात ठेवून दिले. पावसाळा गेला, कपाट उघडलं तर डोळ्यातून पाणी. फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असते, ती कुजायला लागली की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल कुजणं अजून वाढवतं, शेजारच्या डब्यांना पण लागण होते. ज्या रिळांवर आवाजाची चुंबकी पट्टी, त्यातल्या लोहामुळे तिथे अजून जोरात. एकोणीस रिळं गेली, काही तर आक्रसून इतकी आखडली होती की प्रोजेक्टरच्या नखात भोकं बसेनात. तेव्हापासून नवा माल आठ दिवस वेगळा, डब्याला हवा, आणि आत आम्ल तपासायची कागदी पट्टी. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली की लक्ष ठेवायचं, पिवळी झाली की त्याची जागा बाहेर. आणि नाक, ते सगळ्यात आधी.

जोड कसा मारायचा हेही चुकतमाकत शिकलो. काही फिल्म पॉलिएस्टरची असते आणि तिला सिमेंट (फिल्म जोडायचा गोंद) लागत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, चार जोड सुंदर मारले आणि चारही चालू शोमध्ये सुटले. आता आधी रीळ उजेडासमोर आडवं धरतो, गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर पॉलिएस्टर, मग टेपचाच जोड. आवाजाच्या रिळात तर अजून गंमत, सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, त्यामुळे कापलेल्या जागी आधी चित्र उडी मारतं आणि पाऊण सेकंदाने आवाज. सवय झाली की कान आपोआप वाट बघतो.

खरं सांगायचं तर घर चालतं ते बेल्ट, बल्ब आणि दुरुस्तीवर, रिळांवर नाही. १९७६ मध्ये व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट आली आणि पुढच्या काही वर्षांत डायजेस्टचा बाजार बसला, इंग्लंडातल्या डडली गावची डेरान ही रिळांची कंपनी बरीच वर्षं तग धरून होती, तीही २०११ मध्ये बंद झाली. म्हणजे आहे तो माल जुनाच, तो फिरत राहतो.

लोक विचारतात, अख्खा सिनेमा फोनवर मिळतो तर हे तुकडे कशाला? अख्खा सिनेमा मिळतो हो, पण ही काटछाट कुठे मिळते? कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की हा प्रसंग ठेवायचा, तो टाकायचा, आणि बहुतेक डब्यांवर त्याचं नावसुद्धा नसतं. त्यातले कित्येक कट अप्रतिम आहेत, काही भयंकर, एकात तर खुनी कोण तेच कापून टाकलंय. म्हणून आम्ही एक वही ठेवलीय, प्रत्येक रिळात काय ठेवलंय आणि काय गाळलंय, जोड कुठे, किती फुटांवर. आधी आम्ही दोन फाटक्या प्रतींतून एक चांगली बनवायचो, त्यात एकदा दोन वेगळ्या कंपन्यांचे कट मिसळले आणि मेलेला माणूस पुढच्या फुटात जिवंत. विकत घेणारा खूश होता, आम्हालाच झोप लागेना. आता वही बघितल्याशिवाय कात्री नाही.

आत्ता वाइंडरवर ४०० फुटांचं एक रीळ आहे, डब्यावर नाव नाही, पाटी तुटलेली. वास घेतला, ठीक आहे. भावाचं म्हणणं समुद्री चाच्यांचं आहे, मला तलवार दिसली पण जहाज अजून दिसलं नाही.