तुम्ही विचारलंत म्हणून: सत्ता बदलली की कारकुनाचं काय होतं?

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी भेटणारी मंडळी, सोसायटीतले शेजारी, अगदी मुलाच्या सासरकडचेसुद्धा, मी नगरपरिषदेत सभा लिपिक होतो असं कळलं की हमखास विचारतात, "तिकडे सारखी सत्तेची पाडापाडी चालते म्हणे. मग नवीन गट आला की तुमची बदली-बिदली?"

बदली कुठे करणार? नगरपरिषदेचं ऑफिस एकच. फार तर बांधकाम विभागातून उचलून जन्म-मृत्यू नोंदणीला बसवतील, किंवा घरपट्टीतून पाणीपुरवठ्याला. मुख्याधिकारी, लेखापाल अशी राज्य संवर्गातली माणसं शासन बदलतं. आम्ही स्थानिक आस्थापनेवरचे, तिथेच रुजू आणि तिथेच सेवानिवृत्त. पगारही नगराध्यक्ष देत नाहीत. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून शासनाचं सहायक अनुदान आलं की पगार होतो. तो उशिरा झाला तर सगळ्याच गटांच्या लाडक्यांचा उशिरा होतो, एवढी समानता आमच्याकडे होती.

तेव्हा नोकरीची भीती नव्हती. जाच होता तो कागदाचा.

पुणे जिल्ह्यातलंच गाव, नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. त्या काळी नगराध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जायचा आणि मुदत अडीच वर्षांची. इच्छुक दोन असले की नेते तोडगा काढायचे: सव्वा वर्ष तू, सव्वा वर्ष हा. हा करार कायद्यात नाही, कागदावर नाही. कोणाच्या तरी फार्महाऊसवर झालेला. पहिलं सव्वा वर्ष छान जायचं. मग राजीनाम्याची तारीख यायची, आणि खुर्चीतल्या माणसाला अचानक विकासकामं अर्धवट राहिल्याची जाणीव व्हायची. तिथून पुढे जे सुरू व्हायचं त्याला पेपरवाले 'राजकीय भूकंप' म्हणत. भूकंप तरी सांगून येत नाही. याची तारीख आमच्या शिपायालासुद्धा पाठ असायची.

एक दिवस निम्म्याहून जास्त नगरसेवक गावातून गायब. सहलीला गेले म्हणायचं. कुठल्या रिसॉर्टला गेलेत हे चहाच्या टपरीवर माहीत असे, पण कार्यालयाला अधिकृतपणे माहीत नसे. आणि नेमकी तेव्हाच सभेची नोटीस बजावायची असायची. सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेला तीन. 'पूर्ण' या शब्दावर आख्खी सभा रद्द ठरू शकते, म्हणून नोटीस निघाली की शिपाई आणि मी स्कूटरवरून दारोदार.

एका नगरसेवकाच्या घरी गेलो. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "ते गावाला गेलेत."

"वहिनी, तुम्ही सही करता का? घरातल्या कोणाचीही चालते."

"मला त्यांनी कशावरही सही करू नको म्हणून सांगितलंय." मग जरा थांबून, "चहा घेता का पण?"

चहा घेतला. नंतर त्यांच्याच दारावर नोटीस डकवली आणि पंच म्हणून शेजारचा किराणावाला आणि एक रिक्षावाला यांच्या सह्या घेतल्या. वहिनींनी डिंकाला कागद चिकटेना म्हणून आतून सेलोटेप आणून दिला. पंचनाम्यात सेलोटेपचा उल्लेख मी केला नाही.

व्हीपचंही, म्हणजे मत कुणाला द्यायचं या पक्षाच्या आदेशाचंही तसंच. गटनेता आदेश काढतो, तो मोडला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज जातो. पक्षांतराचा तो कायदा 1986 चा. मग व्हीप मिळालाच नाही असं म्हणता यावं म्हणून अर्धं गाव एकमेकांच्या दारावर कागद चिकटवतंय आणि अर्धं फाडतंय. शिवाय खरा गटनेता कोण यावरही दोन पत्रं. दोन्ही माझ्याच टेबलावर, दोघांनाही आवक शिक्का हवा, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या आधीची वेळ हवी. "अहो, पाच मिनिटं मागे घ्या ना, काय बिघडतं तुमचं?" हे मला धमकी म्हणून कधीच कोणी बोललं नाही. गोडीगुलाबीनेच बोलायचे, आणि त्यात एखादा माझ्या शाळेतला बाकावरचा जोडीदार असायचा. छोट्या गावात तेच अवघड असतं. पुण्यात नगरसेवक रागावला तर घरी येऊन दार लावता येतं. तिथे तो आपल्याच आळीतल्या आरतीला उभा.

अविश्वासाची सभा मात्र शिस्तीत व्हायची. पीठासीन म्हणून प्रांतसाहेब यायचे, बाहेर पोलीस, हात वर, मोजणी, संपलं. खरा गदारोळ एरवीच्या सभांत. कोणी माईक ओढला, कोणी टेबलावर चढलं, कोणी सात पिढ्यांचा उद्धार केला, की इतिवृत्तात मी लिहायचो: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.' आम्हा सभा लिपिकांनी महाराष्ट्रातली किती भांडणं या एका वाक्यात झाकली असतील!

पुढे 2016 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून आले. वाटलं, आता पळवापळवी थांबेल. तर नगराध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्याचं. त्यांनी विषय ठेवायचा, यांनी पाडायचा. यांनी उपसूचना मंजूर करायची, मग कोणीतरी नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमाचं कलम 308 काढून ठराव स्थगित करायला ससूनजवळच्या जिल्हाधिकारी कचेरीत धावायचं. सोबत प्रमाणित प्रती हव्यात, त्या देणारा मी. 2020 ला निवड पुन्हा नगरसेवकांतून, 2022 ला पुन्हा थेट. नियमांची फाइल मी पेन्सिलीने लिहू लागलो होतो.

आता यापुढचं ऐकून तळजाईवरची मंडळी जरा नाराज होतात. मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा विषय सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि 2022 च्या सुमारास आमच्याकडे प्रशासक आले. म्हणजे मुख्याधिकारीच. सगळे म्हणाले, सुटलात! खरंच, काय शांतता होती. टेबलावर पत्रांची स्पर्धा नाही, दारावर चिकटवाचिकटवी नाही. प्रस्ताव मांडणारे साहेब आणि मंजूर करणारेही साहेबच. सूचक, अनुमोदक या जागा कोऱ्या. चार ओळींत ठराव.

मला ते मानवलं नाही. मधल्या आळीत पाइप फुटला तर पूर्वी तिथला नगरसेवक सकाळीच पाणीपुरवठ्याच्या टेबलावर हात आपटायचा. तो विकला गेलेला असो, सहलीहून आलेला असो, आळीतल्या बायका त्याच्या दारात उभ्या राहणार हे त्याला माहीत होतं. प्रशासकाच्या काळात त्या बायका अर्ज घेऊन आवकला यायच्या. मी शिक्का मारून पोच द्यायचो. "पण पाणी कधी येणार, भाऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ज्याला विचारावं असा माणूस सभागृहात नव्हता. माजी नगरसेवक मध्ये पडायचे, नाही असं नाही, पण साहेबांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं तरी ते काही करू शकत नसत. हात आपटणाऱ्याला निदान पाच वर्षांनी पाडता येतं.

डिसेंबर 2025 मध्ये शेवटी मतदान झालं. तोवर मी निवृत्त होऊन मुलाकडे पुण्यात आलो होतो. माझ्या जागेवर आलेल्या पोराचा परवा फोन आला. पहिल्याच सभेत जुंपली, स्वीकृत सदस्यांच्या, म्हणजे निवडून न येता सभागृहात घ्यायच्या माणसांच्या नावावरून. घाबरला होता बिचारा. म्हटलं, इतिवृत्त आज रात्रीच लिहून काढ, चार दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवेल. आणि आवकच्या घड्याळाचा सेल बदल, ते मागे पडतं.